ए-लेव्हलला लॉ घ्यावं का? इंग्लंडमधल्या मराठी पालकांचे आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

मी लंडनच्या पश्चिमेला एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात लॉ शिकवते. त्याआधी पुण्यात एलएलबी केलं, थोडे दिवस कोर्टात काळा कोटही घातला. दर ऑगस्टमध्ये, जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल लागला की, ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात आणि सप्टेंबरात गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उरलेले प्रश्न येतात. तीच तीच उत्तरं देऊन झाली, म्हणून एकदाची लिहून काढली आहेत.

सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावीच ना?

वयाच्या हिशोबाने हो. सोळाव्या वर्षी जीसीएसई झाली की पुढची दोन वर्षं, म्हणजे इयर १२ आणि इयर १३, आणि शेवटी ए-लेव्हलची परीक्षा. फरक विषयांच्या संख्येत आहे. आपल्याकडे सहा-सात विषय असतात, इथे बहुतेक मुलं तीनच घेतात आणि त्यात खोल जातात. त्यामुळे एक विषय चुकला तर एक तृतीयांश चुकला.

ही दोन वर्षं शाळेतच असलेल्या सिक्स्थ फॉर्ममध्ये काढता येतात किंवा वेगळ्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात. कॉलेजात गणवेश नसतो, गळ्यात ओळखपत्राची लेस असते, आणि बऱ्याच ठिकाणी मुलं शिक्षकांना नावाने हाक मारतात. पहिल्या पालकसभेत एका आजोबांना हे ऐकून घाम फुटला होता. लॉसारखा विषय शाळांपेक्षा कॉलेजांत सहज मिळतो, हे मात्र खरं. कॉलेजात मुलं जास्त, त्यामुळे वर्ग भरतो.

वकील व्हायचं तर ए-लेव्हलला लॉ लागतंच ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून स्पष्ट सांगते. ऑक्सफर्ड, केंब्रिजसह कुठलंही विद्यापीठ कायद्याच्या पदवीसाठी ए-लेव्हल लॉ मागत नाही. त्यांना चांगले ग्रेड हवेत आणि भरपूर लिहावं लागतं असा निदान एखादा विषय असला तर बरं वाटतं. इतकंच काय, सॉलिसिटर व्हायला पदवीसुद्धा कायद्याचीच हवी असं नाही.

तेव्हा 'पुढे उपयोगी पडेल' एवढ्यासाठी हा विषय घेऊ नका. तो स्वतःच्या जोरावर आवडत असेल तर घ्या. कसा आवडतो हे पुढे सांगते.

आम्ही तर उलट ऐकलं, चांगली विद्यापीठं या विषयाला नाकं मुरडतात?

या अफवेला जुनं कारण आहे. रसेल ग्रुप या नामांकित विद्यापीठांच्या गटाची एक प्रसिद्ध यादी होती, ज्या विषयांनी जास्तीत जास्त दारं उघडी राहतात त्यांची. गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी साहित्य, इतिहास, भूगोल, भाषा वगैरे. त्यात लॉ नव्हतं. लोकांनी त्याचा अर्थ 'लॉ हलकं' असा काढला. पण त्या यादीत अर्थशास्त्रही नव्हतं, आणि अर्थशास्त्राला कोणी हलकं म्हणत नाही! २०१९मध्ये रसेल ग्रुपने ती यादीच मोडीत काढली. पालकांच्या व्हॉट्सॲपवर ती अजून फिरते.

एक गोष्ट मान्य. कायद्याच्या पहिल्या वर्षात ए-लेव्हल लॉ केलेल्या मुलांना फार मोठा फायदा होतो असं समजू नका. पहिले काही आठवडे सोपे जातात. नंतर सगळे एकाच पातळीवर येतात.

दोन वर्षांत शिकवतात तरी काय?

एक्यूए, ओसीआर आणि एडुकास अशी परीक्षा मंडळं आहेत, गाभा सारखाच. आमच्याकडे एक्यूए आहे, म्हणून त्याचं सांगते: फौजदारी कायदा, टॉर्ट म्हणजे दिवाणी अपकृत्यांचा कायदा, आणि तिसरा करार किंवा मानवी हक्क यांपैकी एक. शिवाय या तिन्हींच्या जोडीला इंग्लंडची न्यायव्यवस्था: कायदे कसे होतात, न्यायाधीश शब्दांचा अर्थ कसा लावतात, ज्युरीत कोण बसतं.

हे वाचून कोरडं वाटेल. वर्गात तसं नसतं, कारण सगळं खटल्यांतून शिकवलं जातं. फौजदारीत सुरुवातीलाच १८८४ची डडली आणि स्टीफन्स यांची गोष्ट येते. मिन्योनेट नावाची नौका बुडाली, चार जण छोट्या होडीत अडकले, अन्नपाणी नाही, शेवटी सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्कर नावाच्या पोऱ्याला मारून इतरांनी खाल्लं. जीव वाचवण्यासाठी केलेला खून हा खूनच का? कोर्टाने सांगितलं, हो. फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती कमी करून सहा महिन्यांची कैद केली. हा धडा झाला की जेवणाच्या सुट्टीतही मुलं भांडत असतात.

मग १९१०चा व्हाइट. पोराने आईच्या पेयात विष घातलं, पण आई विषाने नाही तर हृदयविकाराने मेली. मग तो खुनी का? नाही, कारण त्याने विष घातलं नसतं तरी ती मेलीच असती. पण खुनाच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झाली. कृती आणि परिणाम यांच्यातला दुवा शोधायला मुलं अशी शिकतात.

टॉर्टमध्ये आपल्या मुलांना लगेच पटतात ते क्रिकेटचे खटले. बोल्टन विरुद्ध स्टोन, १९५१. मँचेस्टरच्या चीटहॅम भागात मैदानाबाहेरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मिस स्टोनला षटकाराचा चेंडू लागला. चेंडू जवळजवळ शंभर यार्ड आला होता, आणि तीसेक वर्षांत पाच-सहा वेळाच असा बाहेर गेलेला. तेव्हा सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं, धोका इतका लहान की क्लबचा निष्काळजीपणा नाही. आता याच्या शेजारी १९७७चा मिलर विरुद्ध जॅक्सन ठेवा. डरहॅममधलं लिंट्झ गाव, मैदानाच्या कडेला नवी घरं झाली, अंगणात चेंडू पुन्हा पुन्हा येऊ लागले. इथे बहुमताने क्लब दोषी ठरला, ४०० पौंड भरपाई मिळाली, पण खेळ बंद करायला कोर्टाने नकार दिला. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी तर निकालाची सुरुवातच गावच्या क्रिकेटच्या कौतुकाने केली. गल्लीत क्रिकेट खेळून खिडकीची काच फोडलेल्या कुठल्याही बाबांना या दोन खटल्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि पेस्लीतली जिंजर बिअरच्या बाटलीतली गोगलगाय, अर्थात डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, १९३२. ती टाळून टॉर्ट शिकता येत नाही.

पाठांतर किती करावं लागतं?

बरंच. कोणी नाही म्हणालं तर विश्वास ठेवू नका. परीक्षेत कायद्याचं पुस्तक नेता येत नाही. प्रत्येक मुद्द्यामागे खटला किंवा कलम द्यावं लागतं. चोरीचं उदाहरण घ्या. १९६८च्या थेफ्ट ॲक्टनुसार चोरीचे पाच घटक: अप्रामाणिकपणा, हस्तगत करणं, मालमत्ता, ती दुसऱ्याची असणं, आणि कायमची हिरावण्याचा हेतू. पाचही यायला हवेत, प्रत्येकाचे खटले यायला हवेत. वर्ष विसरलं तर कोणी मान कापत नाही, पण खटल्यातून कुठला नियम निघाला हे विसरलं तर उत्तर कोसळतं.

त्यात कायदा बदलत राहतो. अप्रामाणिकपणाची कसोटी कित्येक वर्षं १९८२च्या गोश खटल्यातून शिकवली जायची. मग फिल आयव्ही नावाच्या पत्तेबहाद्दराने लंडनच्या कॅसिनोत जिंकलेले ७७ लाख पौंड कॅसिनोने द्यायला नकार दिला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि २०१७मध्ये ती कसोटीच बदलली. भाऊ-बहिणीच्या जुन्या वह्या वापरताना हे लक्षात ठेवा. घरात मोठ्या ताईची वही आहे म्हणून खूश झालेला एक मुलगा संपूर्ण उत्तर गोशवर लिहून आला होता.

आमचा मुलगा घरात प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो. त्याला हा विषय जमेल ना?

दर वर्षी निदान चार आया मला हे हसत हसत सांगतात. माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही: घरात वाद घालणारी मुलं या विषयात हमखास चमकतात असं नाही.

कारण परीक्षेत तुमचं मत कोणी विचारत नाही. एक प्रसंग देतात: अमका दारू प्यायला, तमक्याला ढकललं, तमका पडला, डॉक्टरने चुकीचं औषध दिलं, तमका मेला. आता सांगा, अमक्याची जबाबदारी काय. 'मला वाटतं हे अन्यायाचं आहे' असं लिहिलं की गुण गेले. नियम कुठला, तो या प्रसंगाला कसा लागतो, कुठे लागत नाही, प्रसंगातला कुठला शब्द महत्त्वाचा आहे, हे दाखवावं लागतं. 'ढकललं' आणि 'धक्का लागला' यातला फरक ज्याच्या लक्षात येतो तो या विषयाचा. मोठ्याने बोलणाऱ्यापेक्षा बारीक वाचणारं मूल मला जास्त आवडतं.

मत मांडायची जागा असते, पण वेगळी. 'हा कायदा समाधानकारक आहे का' अशा प्रश्नांत. तिथे टीका करायची, सुधारणा सुचवायची, पण तीही आधारासकट. याचं एक चांगलं उदाहरण किरणजीत अहलुवालिया यांचं. वर्षानुवर्षं मारहाण करणाऱ्या नवऱ्याला त्यांनी १९८९मध्ये जाळलं, खुनाची शिक्षा झाली, आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेने लढा दिल्यावर १९९२मध्ये ती शिक्षा रद्द झाली. तेव्हाचा चिथावणीचा बचाव तत्काळ भडकलेल्या रागालाच ओळखायचा. साचत आलेली भीती त्यात बसत नव्हती. पुढे २००९च्या कायद्याने तो बचाव काढून 'नियंत्रण सुटणं' हा नवा आणला, त्यात एकाएकी भडकण्याची अट नाही. या धड्याच्या दिवशी वर्ग शांत असतो. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलींना साउथॉल म्हणजे शनिवारची भाजी आणायची जागा.

पेपर कसे असतात?

एक्यूएचे तीन पेपर, प्रत्येकी दोन तासांचा, १०० गुणांचा. प्रत्येकात ७५ गुण मुख्य विषयाला आणि २५ न्यायव्यवस्थेला. सुरुवातीला काही बहुपर्यायी प्रश्न, मग लहान, शेवटी ३० गुणांचे मोठे. प्रोजेक्ट नाही, तोंडी नाही. सगळं इयर १३च्या उन्हाळ्यात एकदम. जी मुलं वर्षभर थोडं थोडं लिहीत नाहीत त्यांचा हात दोन तासांत दुखतो, हे अक्षरशः घ्या.

जीसीएसईला लॉ नव्हतं. मागे पडेल का?

जवळजवळ कोणालाच नसतं. सगळे शून्यापासून सुरू करतात. कॉलेजं साधारणपणे जीसीएसई इंग्रजी भाषेत ५ किंवा ६ ग्रेड मागतात, ते पाहा.

आम्ही वर्षभरापूर्वीच भारतातून आलो. मुलीचं इंग्रजी चांगलं आहे, पण 'इथलं' नाही.

खरं सांगू, अशा मुलींनी मला सुखद धक्के दिले आहेत. या विषयाची भाषा इथल्या मुलांनाही परकीच असते. 'ॲक्टस रिअस' (गुन्ह्याची कृती), 'मेन्स रिया' (गुन्ह्यामागचा हेतू) हे लॅटिन सगळ्यांनाच पहिल्या दिवशी नवीन. शिवाय काटेकोर, छोट्या वाक्यांत लिहिणं या विषयात गुण मिळवतं, फुलोरा नाही. अडचण येते ती वेगाची. म्हणून जुने पेपर घड्याळ लावून सोडवायला पहिल्या सहामाहीपासूनच बसवा.

एक गमतीची गोष्ट सांगते, मुलं घरी चुकतात म्हणून. खटल्याच्या नावातला 'व्ही' बोलताना 'व्हर्सेस' म्हणत नाहीत. दिवाणी खटल्यात 'अँड' म्हणतात. फौजदारीत सुरुवातीचा 'आर' म्हणजे राजा किंवा राणी. २०२२च्या सप्टेंबरपर्यंत तो 'रेजिना' होता, आता 'रेक्स' झाला.

माझे वडील नागपूरला वकील आहेत. व्हिडिओ कॉलवर शिकवतील का?

शिकवू द्या, आजोबांना आनंद होईल. गोगलगाय त्यांनाही पाठ असेल, करारातला कार्बोलिक स्मोक बॉलचा खटलासुद्धा. भारतात टॉर्ट आणि करार याच इंग्रजी खटल्यांवर उभे आहेत. फौजदारीत मात्र गोंधळ होईल. आपला दंडविधान मेकॉलेच्या मसुद्यातून १८६०मध्ये लेखी झाला, आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. इंग्लंडमध्ये खुनाची व्याख्या आजही कुठल्याही एका कायद्यात नाही, ती न्यायाधीशांनी घडवलेल्या कॉमन लॉमधली आहे. आजोबांनी 'कलम ३००' म्हटलं की मुलाने नम्रपणे विषय बदलावा.

ज्युरीवर मात्र आजोबांना नक्की बोलतं करा. इथे क्राउन कोर्टात बारा सामान्य माणसं निकाल देतात आणि १९६७पासून दहा विरुद्ध दोन असाही निकाल चालतो. मुंबईत नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असं नानावटींना निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी ते मानलं नाही, हायकोर्टाने जन्मठेप दिली. 'ज्युरी असावी का' या प्रश्नावर माझ्या एका विद्यार्थ्याने हे उदाहरण दिलं. मुख्य युक्तिवाद इंग्लंडचाच हवा, पण तुलनेचं एक वाक्य शोभून गेलं.

बरोबर कुठले विषय घ्यावेत?

इतिहास, इंग्रजी साहित्य, राज्यशास्त्र यांच्याबरोबर छान जमतं. गणिताबरोबरही, आणि ही जोडी लोक उगीच विसरतात. टप्प्याटप्प्याने सिद्ध करत जाणं दोन्हीकडे सारखंच. डॉक्टर व्हायचं असेल तर रसायन आणि जीवशास्त्राबरोबर तिसरा विषय म्हणून लॉ घेतलेली मुलंही पाहिली आहेत. रुग्णाची संमती, निष्काळजीपणा हे त्यांना मेडिकलच्या मुलाखतीत कामाला येतं. फक्त तिन्ही विषय निबंधांचे घेतले तर मे महिन्यात किती लिहावं लागेल, याचा आधी विचार करा.

सॉलिसिटर, बॅरिस्टर, यात फरक काय? आणि आता रस्ता कसा आहे?

आपल्याला 'बॅरिस्टर' हा शब्द नावाआधी लावायची सवय: बॅ. नाथ पै. तो मान अजून घरात आहे, म्हणून आजीला नातू बॅरिस्टरच हवा असतो. सॉलिसिटर अशिलाशी थेट काम करतो, कागदपत्रं, व्यवहार, सल्ला. बॅरिस्टर मुख्यतः कोर्टात बाजू मांडतो. नोकऱ्या सॉलिसिटरकडे कितीतरी जास्त.

सॉलिसिटरसाठी सप्टेंबर २०२१पासून एसक्यूई नावाची दोन टप्प्यांची परीक्षा आहे. पदवी कुठल्याही विषयातली चालते, शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव. बॅरिस्टरला पदवीनंतर बारचा अभ्यासक्रम आणि मग प्युपिलेज, म्हणजे उमेदवारी, आणि ती मिळवणं हाच खरा डोंगर. त्यासाठी इन्स नावाच्या बॅरिस्टरांच्या चार संस्थांपैकी एकीचं सदस्य व्हावं लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या महिला. १८९२मध्ये परीक्षा दिली, पण विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं, ती मिळायला तीस वर्षं लागली.

पदवीसाठी अर्ज करताना ऑक्सफर्ड, केंब्रिज, यूसीएल, किंग्ज, ब्रिस्टल, डरहॅम अशी विद्यापीठं एलनॅट परीक्षा मागतात. त्यात कायद्याचं ज्ञान तपासत नाहीत. उतारे वाचून प्रश्न आणि एक निबंध. ए-लेव्हल लॉ केलेल्यांना तिथे आयता फायदा नाही.

विद्यापीठात न जाता होता येतं का?

येतं. सॉलिसिटर अप्रेंटिसशिप: ए-लेव्हलनंतर थेट फर्ममध्ये नोकरी, पगार, बरोबर शिक्षण, साधारण सहा वर्षं. जागा थोड्या आणि स्पर्धा फार. आपल्या घरांत हा पर्याय कोणी काढला की 'पण डिग्री?' असा प्रश्न येतो. बऱ्याच कार्यक्रमांत पदवीही मिळते, आणि कर्ज डोक्यावर राहत नाही.

फीचं काय? आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत.

हे आताच तपासा, इयर १३च्या जानेवारीत नव्हे. इंग्लंडमध्ये घरच्या विद्यार्थ्यांची फी २०२५-२६ला वर्षाला ९,५३५ पौंड होती. ती मिळायला सर्वसाधारणपणे मुलाला इथे कायमचं राहण्याचा हक्क आणि त्याआधीचं तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. तो नसेल तर आंतरराष्ट्रीय फी, जी कितीतरी जास्त, आणि सरकारी कर्जही नाही. ज्या घरांना आयएलआर, म्हणजे हा कायमचा हक्क, मिळायला एखादं वर्ष बाकी असतं, त्यांच्यातल्या काही मुलांनी एक वर्ष नोकरी करून मग प्रवेश घेतल्याचं मी पाहिलं आहे.

मध्येच भारतात परतावं लागलं तर?

इयर १२ संपवून परतलात तर हातात बहुधा काहीच प्रमाणपत्र नसतं. शक्य असेल तर इयर १३ पूर्ण होऊ द्या. ए-लेव्हल पूर्ण करून भारतात पाच वर्षांच्या लॉला जायचं असेल तर त्या कॉलेजाकडे समकक्षतेचे नियम आधी विचारा. इथली एलएलबी करून भारतात वकिली करायची तर विद्यापीठ बार कौन्सिल ऑफ इंडियाला मान्य हवं आणि त्यांची पात्रता परीक्षाही द्यावी लागते.

विषय घेण्याआधी मुलाला खरंच आवडेल का, हे कसं पाहावं?

कोर्टात घेऊन जा. फुकट आहे आणि कोणाची परवानगी लागत नाही. चौदा वर्षांवरची मुलं मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या प्रेक्षकांच्या बाकावर बसू शकतात, आणि या देशातले बहुतांश फौजदारी खटले तिथेच निकाली निघतात. बिनपगारी सामान्य नागरिक न्यायासनावर बसलेले पाहून आपल्याला जरा धक्का बसतो. पार्लमेंट स्क्वेअरमधलं सुप्रीम कोर्टही पाहता येतं, त्याची सुनावणी घरबसल्या ऑनलाइनही दिसते. तासभर सुनावणी पाहिल्यावर मूल कंटाळलं की त्याने विचारलं 'मग पुढे काय झालं?', यावरून मला जीसीएसईच्या ग्रेडपेक्षा जास्त कळतं.

ओल्ड बेलीला, म्हणजे लंडनच्या मध्यवर्ती फौजदारी कोर्टात, जायचं असेल तर मोबाइल घरीच ठेवा. आत नेऊ देत नाहीत, आणि तिथे तो ठेवायची सोयही नाही.